गांधीजींचा डावा हात

महात्मा गांधींचे चरित्र आपण प्राथमिक शाळेपासून वाचत आलो आहोत. पोरबंदर, राजकोट, विलायत, दक्षिण आफ्रिका, चंपारण, दांडी, बेचाळीस, नोआखाली, दिल्ली. सनावळ्या परीक्षेपुरत्या पाठ होतात आणि परीक्षा संपली की पुसून जातात. नियतकालिकासाठी पुन्हा तेच सारे लिहून काढले तर संपादक मंडळही ते वाचणार नाही, अशी मला भीती आहे. म्हणून वाचक मित्रहो, या थोर पुरुषाच्या चरित्राचा मी एकच कोपरा घेणार आहे. लेखणी धरणारे त्यांचे दोन हात कसे राबले, कसे दुखले आणि त्या दुखण्यावर त्यांनी काय केले, एवढेच मला सांगावयाचे आहे.

यामागे स्वार्थ आहे, तो आधीच सांगून टाकते. सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी पाच ते आठ एका कर सल्लागाराच्या कार्यालयात संगणकावर नोंदी करणे, असा माझा दिवस असतो. खरेदीची बिले, विक्रीची बिले, जीएसटीचे आकडे. मधूनच कोणाचा मराठी अर्ज, कोणाचा कन्नड अर्ज. त्यानंतर बस पकडून काकतीला घरी. गेल्या पावसाळ्यापासून माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटे रात्री बधिर होऊ लागली. झोपेतून उठून हात झटकावा तेव्हा कुठे बोटांत जीव येई. करंगळी मात्र अगदी ठणठणीत. डॉक्टरांनी ती करंगळीची गोष्ट ऐकली आणि मान डोलावली. मनगटात हाडांचा आणि एका जाड पट्ट्याचा मिळून एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे वळवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक मज्जातंतू जातो. दोऱ्या सुजल्या की तंतू चेपतो; आणि तो तंतू अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेचा निम्मा भाग यांचाच कारभार पाहतो. करंगळीचा तंतू निराळ्या वाटेने जातो, म्हणून ती सुटते. रात्री मनगटाला बांधायला एक पट्टी मिळाली. टंकलेखन कमी करा, असे सांगण्यात आले. आता संध्याकाळच्या पगारातून कॉलेजची फी भरणाऱ्या मुलीने टंकलेखन कमी कसे करावयाचे, हे कोणत्याच औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते. त्याच आठवड्यात गांधीजींची आत्मकथा वाचनात आली आणि माझी नजर नको त्या ठिकाणी, म्हणजे त्यांच्या हातांकडे गेली.

गांधीजींना टंकलेखन येत होते, हे किती जणांना ठाऊक आहे? जोहान्सबर्गला त्यांची वकिली जोरात चालू लागली तेव्हा कार्यालयात चार हिंदी कारकून होते. टंकयंत्र चालवता येणारे मात्र एकटे गांधीजीच. त्यांनी दोन कारकुनांना ते शिकवूनही पाहिले. पण त्या बिचाऱ्यांचे इंग्रजी कच्चे, त्यामुळे काम जमेना. पत्रे तुंबली, हिशेब तुंबले. शेवटी टंकयंत्रांच्या एका एजंटाकडे त्यांनी शब्द टाकला आणि स्कॉटलंडहून नुकत्याच आलेल्या मिस डिक कामावर आल्या. पगार महिना साडेसतरा पौंड. थोड्याच काळात हजारो पौंडांची रक्कम आणि हिशेबाची पुस्तके त्यांच्या ताब्यात गेली. पुढे त्यांचे लग्न झाले तेव्हा कन्यादान गांधीजींनीच केले. त्यांच्यानंतर सोन्या श्लेसिन आल्या, वय अवघे सतरा. त्यांना आणले गांधीजींचे मित्र हर्मन कॅलनबाख यांनी. सहा पौंडांवर त्या लागल्या आणि पुढे कितीही आग्रह केला तरी दहा पौंडांवर एक पैसा घेईनात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला हा पगाराचा तपशील वाचताना मजा वाटते. पण माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की वयाच्या पस्तिशीच्या आतबाहेर असतानाच गांधीजींना कळले होते, की लिहिण्याचे काम एका माणसाच्या हातात मावत नाही.

तरीही प्रसंग असा येतो की जवळ दुसरा हातच नसतो. १९०९ साली ट्रान्सवालमधील हिंदी लोकांची बाजू मांडण्यासाठी ते लंडनला गेले होते. चार महिने खटपट केली, पदरात काही पडले नाही. नोव्हेंबरच्या १३ तारखेला किल्डोनन कॅसल नावाच्या बोटीने ते परत निघाले. मनात विचारांचा पूर आलेला. बोटीवर मिळणाऱ्या कागदांवर त्यांनी गुजरातीत लिहावयास सुरुवात केली आणि २२ तारखेपर्यंत ‘हिंद स्वराज’ लिहून संपवले. हस्तलिखित सुमारे पावणेतीनशे पानांचे. दहा दिवसांनी भागून पाहिले तर रोज सत्तावीस-अठ्ठावीस पाने होतात. खाडाखोड अगदी थोडी. उजवा हात थकला तेव्हा लेखणी डाव्या हातात घेतली आणि चाळीसच्या आसपास पाने डाव्या हाताने लिहिली. याच प्रवासात इतर पत्रे आणि टॉलस्टॉयच्या एका पत्राच्या गुजराती भाषांतराची प्रस्तावनाही झाली, ती वेगळीच. १९१० च्या मार्चमध्ये मुंबई सरकारने हे पुस्तक जप्त केले. मग त्याचे इंग्रजी झाले; पण त्या वेळी गांधीजींनी लेखणी उचलली नाही. ते सांगत गेले आणि कॅलनबाख यांनी उतरून घेतले.

डाव्या हाताने लिहिल्याची ही गोष्ट लोक चमत्कारासारखी सांगतात. मला ती तशी वाटत नाही. ज्याला आपल्या हस्ताक्षराची लाज वाटते, त्या माणसाने आणखी वाईट अक्षरात लिहिण्याची तयारी ठेवली, हे मला त्यात मोठे वाटते. होय, गांधीजींचे अक्षर वाईट होते. दक्षिण आफ्रिकेत तरुण वकिलांची मोत्यासारखी अक्षरे पाहून त्यांना शरम वाटली आणि वाईट अक्षर हे अपुऱ्या शिक्षणाचे लक्षण आहे, असे त्यांनी आत्मकथेत नोंदवून ठेवले आहे. मुलांना आधी चित्रकला शिकवावी आणि मग अक्षरे, असेही त्यांचे मत होते. आमच्या शाळेत पुस्ती काढून काढून बोटांना घट्टे पडत, तेव्हा हे मत कोणी गुरुजींच्या कानावर घातले असते तर बरे झाले असते!

असो. गांधीजींचे पाहून मीही माऊस डाव्या बाजूला घेतला. चार दिवस आकड्यांवर नेम बसेना, नंतर बसला. उजव्या हाताला आराम पडला आणि मला वाटले, सुटलो. तेवढ्यात ग्रंथालयात एका जुन्या वैद्याची हकिकत वाचावयास मिळाली. इटलीत बर्नार्डिनो रामाझ्झिनी नावाचा वैद्य होऊन गेला (१६३३ ते १७१४). कोणत्या धंद्यातून कोणता रोग होतो यावर त्याने १७०० साली एक ग्रंथ लिहिला आणि १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांच्या दुखण्यावर एक प्रकरण घातले. कारकुनांना ग्रासणाऱ्या तीन गोष्टी त्याने सांगितल्या: सतत बसणे, हात एकाच दिशेने अखंड चालवणे आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण. तीनशे वर्षांपूर्वीच्या या यादीत मला खोडण्यासारखे काही सापडले नाही. त्याने आपल्या ओळखीच्या एका लेखनिकाची हकिकत दिली आहे. लिहून लिहून त्या गृहस्थाचा उजवा हात निकामी झाला. त्याने नेटाने डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला. काही काळाने तेच दुखणे डाव्या हातात उतरले.

ही हकिकत वाचल्यावर मी गांधीजींच्या चरित्राकडे पुन्हा वळले. डाव्या हाताची युक्ती बोटीवरच्या दहा दिवसांना पुरली. पण पुढे अडतीस वर्षे ते लिहीत होते. त्यांचे संकलित वाङ्‌मय इंग्रजीत शंभर खंडांचे आहे. एवढे ओझे दोन हातांनी नुसते आलटून पालटून वाहिले असते, तर रामाझ्झिनीच्या लेखनिकासारखीच त्यांची गत झाली असती.

१९२२ साली शिक्षा होऊन ते पुण्याजवळच्या येरवडा तुरुंगात गेले. दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासाची पहिली प्रकरणे तेथे झाली, ती त्यांनी तोंडाने सांगितली आणि सोबतचे कैदी इंदुलाल याज्ञिक यांनी लिहून घेतली. १९२४ च्या जानेवारीत ससून रुग्णालयात त्यांच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली, फेब्रुवारीत सुटका झाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते आपल्या बेळगावला काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून आले. त्यांनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. टिळकवाडीतील काँग्रेस विहीर त्या वेळची. गंगाधरराव देशपांडे यांनी पाण्याची सोय म्हणून ती खोदवून घेतली. तिच्या शेजारून आपण रोज जातो आणि आत डोकावतही नाही. पुढे १९२५ पासून आत्मकथा ‘नवजीवन’मध्ये आठवड्याला एक प्रकरण या हिशेबाने येऊ लागली आणि १९२९ पर्यंत येत राहिली. आठवड्याला एक प्रकरण! आमच्याकडे वर्षाचे सगळे काम मार्चअखेर एकदम येते, त्या मानाने ही शिस्त हाताला किती मानवली असेल. बाकी सोमवारचे मौन मात्र हाताच्या मुळावर येणारे होते. त्या दिवशी जिभेला सुट्टी असे आणि बोलावयाचे ते सारे चिठ्ठ्यांवर उतरे. एकेका दिवशी हाताला किती काम पडत असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आता त्या दुखण्याकडे येते. ४ जानेवारी १९३२ रोजी त्यांना पुन्हा अटक झाली आणि पुन्हा येरवडा. बरोबर वल्लभभाई पटेल होते. मार्चमध्ये महादेवभाई देसाईही आले. वल्लभभाई रद्दी कागदाची पाकिटे करीत आणि गांधीजी त्या पाकिटांत घालण्यासाठी पत्रे लिहीत, असा तो संसार होता. रोज सूत कातण्याचा नेम होताच. चरख्यावर उजवा हात चाक फिरवतो आणि डावा हात पेळूतून धागा ओढीत मागे जातो. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. वर्षानुवर्षे, दिवसाला शेकडो वेळा. त्या डाव्या हाताचा कोपर धरला. इकडे पत्रे लिहून लिहून उजवा हात दुखू लागलेला. म्हणजे एक हात सुतासाठी निकामी आणि दुसरा लेखणीसाठी.

येथे गांधीजींनी जे केले त्याचा मी फार विचार केला आहे. कोणती हालचाल केल्यावर कोणता हात दुखतो, याचा त्यांनी हिशेब मांडला. डावा कोपर धागा ओढताना दुखतो, पण लिहिताना दुखत नाही. तेव्हा पत्रे डाव्या हाताने. गती कमी झाली, ती चालवून घेतली. राहिले सूत. ते सोडणे त्यांना शक्य नव्हते, कारण तो व्रताचा भाग होता. मग त्यांनी यंत्र बदलले. मगनलाल गांधींचे नाव दिलेला एक चरखा प्रभुदास गांधींनी तयार केला होता. त्याचे चाक पायाने फिरते आणि त्याला दोन चात्या असतात. चाक फिरवण्याचे काम हाताकडून पायाकडे गेले. साठी उलटल्यानंतर, तुरुंगात बसून, ते हा पायाचा चरखा नव्याने शिकले. सुरुवातीला तो काही सरळ चालेना. धागे तुटत, वेळ जाई. पण दुखऱ्या कोपराला जी विश्रांती लागत होती ती मिळाली आणि रोजचे सूतही थांबले नाही.

आपल्याकडे दुखणे अंगावर काढण्याचे फार कौतुक आहे. माझी मावशी निपाणीला विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओले पान कात्रीने कापायचे, वळायचे, टोक दुमडायचे, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर. तिच्या दोन्ही अंगठ्यांची बुडे सुजलेली असतात आणि सकाळी तिला तांब्याही धरवत नाही. विचारले तर म्हणते, विडी म्हटली की एवढे चालायचेच. तिच्या कामाला पायाचा चरखा नाही, डावा-उजवा बदल नाही. दोन्ही हात एकाच वेळी गुंतलेले. सरकीचे दाणे टिपणारे, शाळेचे पेपर तपासणारे, पोळ्या लाटणारे, संगणक चालवणारे, सगळ्यांच्या हाताची तक्रार एकच असते: तीच हालचाल, त्याच शिरेवर, न थांबता. गांधीजींना आपल्या देहाचे प्रयोग करण्याची मुभा होती; मावशीला ती नाही. हा फरक त्यांच्या चरित्रातून शिकताना विसरून चालणार नाही.

आणखी एक फरक आहे, तो जमाखर्चाचा आहे. गांधीजींच्या हाताला जी विश्रांती जमा झाली, ती कोणाच्या तरी खाती नावे पडलीच असणार. ते नाव मुख्यतः महादेवभाई देसाई यांचे. १९१७ पासून पंचवीस वर्षे ते गांधीजींची पत्रे, भाषणे, संभाषणे टिपून घेत राहिले. आत्मकथेचे इंग्रजी त्यांचे. शिवाय रोजची दैनंदिनी. १५ ऑगस्ट १९४२ रोजी पुण्याच्या आगाखान राजवाड्यात, अटकेत असताना, पन्नासाव्या वर्षी ते हृदयविकाराने गेले. त्यांच्या मनगटाबद्दल कोणी काही लिहून ठेवलेले माझ्या वाचनात आले नाही. मोठ्या माणसाच्या हाताची चौकशी होते, लेखनिकाच्या हाताची कोणी करीत नाही. रामाझ्झिनीने ती केली म्हणून तो मला आवडला.

या पत्रलेखकांच्या गोतावळ्यात एक माणूस आपल्या अगदी जवळचा आहे. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर, म्हणजे काकासाहेब. जन्म साताऱ्याचा (१ डिसेंबर १८८५), पण घर बेळगावजवळच्या बेळगुंदीचे. १९३० साली येरवड्यात गांधीजींच्या सोबतीला ते होते. १९३५ साली इंदूरला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन भरले, त्यातून नागरी लिपीच्या सुधारणेची एक समिती निघाली आणि तिची धुरा काकासाहेबांकडे आली. इ, ई, उ, ऊ ही स्वतंत्र अक्षरे काढून टाकून अ लाच वेलांटी आणि उकार लावावेत, ही ‘अ’ची बाराखडी त्यांनी पुरस्कारली. सावरकरांचाही आग्रह तोच होता. वर्ध्याच्या कितीतरी पुस्तकांत ती छापलेली दिसते आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला छपाईची चूक वाटते! पण तिच्यामागचा हेतू मला टंकलेखन शिकल्यावर कळला. अक्षरे कमी तर खिळे कमी, खिळे कमी तर कळा कमी, आणि कळा कमी तर बोटांची धावपळ कमी. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, हिंदुस्थानी लघुलेखन आणि टंकयंत्र यांना एक प्रमाण रूप देण्यासाठी समिती नेमली गेली, तिचेही अध्यक्ष काकासाहेबच होते.

हे कोरडे वाटेल, म्हणून एक शब्द घेऊन दाखवते. ‘भाषा’ हा शब्द जुन्या टंकयंत्राच्या रचनेत लिहावयाचा तर आधी अर्धा भ, मग त्याला पुरा करणारी पाई, मग काना; पुन्हा अर्धा ष, पाई, काना. एकूण सहा ठोके, आणि दोन्ही अर्धी अक्षरे शिफ्ट दाबून. ख, घ, थ, ध, श, ण यांचीही तीच तऱ्हा. आमच्याकडे अजून कित्येक जण संगणकावरही हीच रचना वापरतात, कारण बोटांना तीच सवय. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इन्स्क्रिप्ट ही रचना प्रमाण म्हणून ठरवली. तिच्यात ‘भाषा’ चार ठोक्यांत होते. स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला, त्यामुळे एक हात ठोका मारतो तेव्हा दुसरा क्षणभर मोकळा राहतो. आणि आम्हा सीमेवरच्या लोकांना विशेष लाभ असा की मराठीचा क ज्या कळीवर, त्याच कळीवर कन्नडचा ಕ नव्हे, ‘क’चा कन्नड भाऊ. एकदा शिकले की दोन्ही भाषांचे अर्ज त्याच बोटांनी. कन्नडसाठी मी आधी के. पी. राव यांची रचना शिकले होते. तीही सुटसुटीत आहे, पण मराठीला वेगळे आणि कन्नडला वेगळे असे डोक्यात दोन नकाशे ठेवावे लागत. आता एकच ठेवते. महिनाभर गती निम्म्यावर आली आणि कार्यालयात बोलणीही खावी लागली. पायाचा चरखा आठवून तेवढे सोसले.

जुने टंकयंत्र चालवलेल्या लोकांना मी विचारले, तुमचे हात दुखत नसत का? दुखत, पण अशा रीतीने नाही, असे पुष्कळांचे म्हणणे पडले. त्याचे कारण विचार केल्यावर सापडते. त्या यंत्रावर प्रत्येक ओळीच्या शेवटी हात उचलून दांडा सरकवावा लागे, पान संपले की कागद बदलावा लागे, कार्बन लावावा लागे. हाताची हालचाल बदलत असे. मनगट टेबलावर टेकवून त्या जड कळा दाबताच येत नसत, ते अधांतरी सरळ ठेवावे लागे. संगणकाने कळा हलक्या केल्या आणि त्याबरोबर हे सगळे थांबे काढून घेतले. हलकी कळ दाबताना हात थकल्याचे लवकर कळत नाही, आणि माणूस तीन-तीन तास उठत नाही.

ते थांबे मी परत घातले आहेत. पंचवीस बिले झाली की उठून पाणी पिऊन येते. कीबोर्डच्या मागच्या बाजूला दोन छोटे पाय असतात, ते मिटून टाकले; ते उभे ठेवले की मनगट वर मोडते. खुर्चीवर एक उशी घेतली, त्यामुळे कोपर कळांच्या उंचीला आले. शिफ्टची कळ ज्या हाताने अक्षर मारायचे त्याच्या विरुद्ध हाताने दाबते, म्हणजे एकाच पंजाची करंगळी आणि तर्जनी ताणली जात नाहीत. मनगट टेबलाच्या कडेवर टेकवत नाही. अर्जांचा मजकूर मोबाइलला तोंडाने सांगते. मराठी तो बऱ्यापैकी उतरून घेतो, कन्नडही घेतो, पण बेळगावच्या बोलीत सांगितले तर भलतेच काही लिहितो. आकड्यांच्या बाबतीत मात्र त्याच्यावर विसंबता येत नाही. एक शून्य जास्त पडले तर निस्तरणार कोण? आकडे अजून बोटांनीच. माऊस एक आठवडा डावीकडे, एक आठवडा उजवीकडे. रात्रीचा बधिरपणा पुष्कळ कमी झाला आहे, पण मार्चअखेरचे काम अजून यावयाचे आहे.

गांधीजी पुन्हा आपल्या भागात आले ते १९३७ च्या एप्रिलमध्ये, गांधी सेवा संघाच्या संमेलनासाठी, गंगाधररावांच्या हुदलीला. तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. रक्तदाबाच्या त्रासामुळे डॉक्टरांनी विश्रांती घ्यावयास लावून झाली होती, आणि पत्रे चालूच होती. सकाळ-संध्याकाळचे चालणे त्यांनी कधी सोडले नाही, सेवाग्रामात नाही आणि नोआखालीतही नाही. महादेवभाईंच्या मागे प्यारेलाल आणि इतर मंडळी लेखनिकाचे काम पाहत होती.

२९ जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत, दिवसभर भेटीगाठी झाल्यावर, रात्री थकलेल्या अवस्थेत त्यांनी काँग्रेसच्या नव्या घटनेचा मसुदा पुरा केला. काँग्रेस विसर्जित करून तिचा लोकसेवक संघ करावा, अशी ती योजना होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो प्यारेलाल यांच्याकडे तपासावयास दिला. दुपारी प्यारेलाल तो घेऊन आले तेव्हा गांधीजींनी एकेक दुरुस्ती बारकाईने पाहिली. पंचायतींच्या संख्येच्या हिशेबात एक चूक राहिली होती, ती त्यांनी काढून टाकली. संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर ते प्रार्थनेला निघाले.